वुडवर्ड मार्ग : जुन्या गाड्यांचा नवा संसार

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, एका रुंद नदीच्या काठी डेट्रॉईट शहर वसले आहे. पैलतीरावर कॅनडा दिसतो. या नदीकाठापासून निघून वायव्येला पाँटियाक या गावापर्यंत जाणारा सुमारे चाळीस किलोमीटरचा हमरस्ता म्हणजे वुडवर्ड ॲव्हेन्यू. मोटारगाडीचा इतिहास ज्याला ग्रंथालयात न बसता पाहावयाचा असेल, त्याने या रस्त्याने एकदा सावकाश जावे. याच रस्त्याच्या एका मैलावर १९०९ साली काँक्रीट घालण्यात आले. अमेरिकेतील काँक्रीटच्या अगदी पहिल्या रस्त्यांत त्याची गणना होते. वुडवर्ड आणि मिशिगन या दोन मार्गांच्या चौकात १९२० साली लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रंगांचा, चारही दिशांना दिसणारा वाहतूक दिवा लागला. विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याची ती कल्पना होती. आज जगातील कोणत्याही गावात आपण ज्या दिव्यापाशी थांबतो, त्याचे घराणे या चौकातले.

आमचे जावई येथील एका मोटार कंपनीत अभियंता आहेत. त्यांच्याकडे काही आठवडे मुक्काम झाला, तेव्हा हा रस्ता आम्ही तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. नदीपासून जसजसे दूर जावे तसतसे आडवे रस्ते मैलांच्या आकड्यांनी ओळखले जातात : सिक्स माइल, सेव्हन माइल, एट माइल. एट माइल ही डेट्रॉईटची वेस. ती ओलांडली की फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम अशी टुमदार उपनगरे लागतात आणि शेवटी पाँटियाक. आमचा पिढीजात व्यवसाय हार्डवेअरचा. त्यामुळे उंच इमारतींपेक्षा लोखंड, पत्रा आणि नटबोल्ट यांच्याकडे आमचे लक्ष अधिक जाते, हे आधीच सांगितलेले बरे.

डेट्रॉईटच्या पोटातच हायलँड पार्क नावाचे एक छोटे स्वतंत्र नगर आहे. हेन्री फोर्ड यांचा १९१० साली सुरू झालेला कारखाना तेथे वुडवर्डला लागूनच आहे. १९१३ साली येथे सरकत्या पट्ट्यावर गाडी जुळवण्याची पद्धत सुरू झाली आणि ज्या ‘मॉडेल टी’च्या जुळणीस पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे, ती दीड तासात तयार होऊ लागली. पुढे क्रायस्लर कंपनीचे मुख्यालयही अनेक दशके याच हायलँड पार्कमध्ये होते. क्रायस्लर हे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके नसावे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटारी बनवण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्यांनी सहकार्याचा करार केला तो याच कंपनीशी. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ अशी डेट्रॉईटची नावे धारण केलेली वाहने बाहेर पडू लागली. त्याही आधी, १९२८ पासून, जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोले गाड्या जुळवीत असे. मुंबईच्या रस्त्यांवर आपल्या आजोबांनी ज्या लांबलचक अमेरिकन गाड्या पाहिल्या, त्यांचे माहेर हा परिसर.

या रस्त्याची विशेष ख्याती मात्र १९६० च्या दशकातील आहे. त्या काळी निर्माण झालेल्या एका जातीच्या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराची, दोन दारांची, बेताच्या किमतीची गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवावयाचे, अशी ही साधी युक्ती. तिचा जन्म ज्या रीतीने झाला ती व्यापारी माणसाने ध्यानात घेण्याजोगी आहे. जनरल मोटर्सने १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व शाखांना मोटारशर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असाही दंडक होता. पाँटियाक ही त्यांचीच एक शाखा. रस्त्याच्या टोकाला असलेल्या गावाचेच तिला नाव. तेथील मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन मध्यम गाडीत बसवून पाहिले. नवी गाडी म्हणून ते मांडले असते तर वरिष्ठांची मंजुरी लागली असती. म्हणून ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या चालू गाडीच्या जादा सामानाच्या यादीत त्यांनी एक ओळ वाढवली : सुमारे २९५ डॉलर अधिक भरा आणि ‘जीटीओ’ न्या. नियम मॉडेलांसाठी होता, जादा सामानासाठी नव्हता. १९६४ च्या त्या हंगामात पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; खपल्या ३२,४५०.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने ‘मस्टँग’ बाजारात आणली. मूळ किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. शेव्हरोलेची ‘कमॅरो’ १९६६ च्या सप्टेंबरात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी तेव्हा नुकतीच वयात येत होती आणि तिच्या हाती पैसाही खेळत होता. उन्हाळ्याच्या रात्री वुडवर्डवरील खाणावळींच्या आवारांत ही मुले गाड्या लावून बसत आणि एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. कंपन्यांचे अभियंतेही आपल्या नव्या गाड्या घेऊन तेथे येत, असे जुने लोक सांगतात. हे सारे बेकायदा होते आणि जिवावरचेही होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण गाडी बनवणारे हात आणि ती वापरणारे हात तेव्हा या एकाच रस्त्यावर भेटत, एवढे मात्र खरे.

हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आली. शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन कमी करण्यात आले. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलली. तोपर्यंत सायलेन्सरसारखे कोणतेही ओझे न लावता मोकळ्या इंजिनाची शक्ती जाहिरातीत छापली जाई. आता प्रत्यक्ष गाडीत बसलेल्या इंजिनाची छापू लागले, आणि कागदावरचे आकडे एकाएकी खाली आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले, पंपांवर रांगा लागल्या आणि एका गॅलनमध्ये जेमतेम दहा-बारा मैल जाणारी गाडी अनेकांना डोईजड झाली. कुणी ती मातीमोल भावाने विकली, तर कुणी ताडपत्री घालून शेडमध्ये लोटली.

शहराचेही दिवस पालटले. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०१० च्या जनगणनेत ती सात लाख चौदा हजारांच्या आसपास आली. कारखाने उपनगरांत, दुसऱ्या राज्यांत आणि परदेशांत गेले. १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज केला. वुडवर्डवरच डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स हे संग्रहालय आहे. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ साली तेथील दालनाच्या चारी भिंतींवर मोटार कारखान्यातील कामगारांची २७ भित्तिचित्रे रंगवली. संग्रहालयातील कलाकृती विकून शहराची देणी भागवावीत, अशी मागणी धनकोंकडून झाली. अखेर दानशूर संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून मोठी रक्कम उभी केली, निवृत्त कर्मचाऱ्यांनी आपल्या निवृत्तिवेतनात कपात सोसली आणि संग्रह वाचला. विकावे काय आणि राखावे काय, हा प्रश्न या शहराला असा भरबाजारात सोडवावा लागला. जुन्या गाड्यांच्या निमित्ताने तोच प्रश्न येथील घराघरांत, गॅरेजच्या दाराआड, निराळ्या रूपात उभा असतो.

शेडमध्ये सापडलेल्या गाडीचे करावयाचे काय? याला येथे तीन उत्तरे आहेत. पहिले, ती आहे तशी जपावी : धूळ पुसावी, गंज थांबवावा, पण मूळ रंगाला व आसनांना हात लावू नये. दुसरे, ती कारखान्यातून निघाली होती अगदी तशी पुन्हा उभी करावी. त्या सालचा कार्ब्युरेटर, त्या सालची रंगाची छटा, बोल्टच्या माथ्यावरची खूणसुद्धा त्या सालची. तिसरे उत्तर म्हणजे ‘रेस्टोमॉड’. जीर्णोद्धार आणि फेरबदल या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची ही जोडणी आहे. बाहेरून गाडी जुनीच दिसते. पण आत आजचे इंजिन, आजचे ब्रेक, आजचे सुकाणू आणि आजची वातानुकूलन यंत्रणा असते. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभारावेत म्हणून जुन्या गाड्यांची एक मिरवणूक निघाली. आता ती दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी निघते आणि तिला ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ म्हणतात. रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून आजोबा-नातवंडे दिवसभर बसलेली असतात. तिन्ही प्रकारच्या गाड्या एकामागून एक जातात आणि कोणते उत्तर बरोबर, यावर खुर्चीवरचे पंच दिवसभर वाद घालतात.

जावयांच्या ओळखीने आम्ही एक कार्यशाळा आतून पाहिली. एट माइलच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून जरा आत असलेली ती पत्र्याची लांबट शेड. मालक साठी ओलांडलेले. आयुष्यातील बराच काळ कारखान्यात डाय बनवण्यात घालवलेले गृहस्थ. शेडच्या मध्यभागी, दोन्ही टोकांना धरून हवेत उलटीपालटी फिरवता येईल अशा चौकटीवर, १९६९ सालच्या कमॅरोचा उघडा सांगाडा टांगलेला होता. इंजिन, दारे, आसने, तारा सगळे उतरवलेले. भिंतीलगतच्या फडताळांवर शेकडो पारदर्शक पिशव्या, आणि प्रत्येकीत त्या-त्या ठिकाणचे नटबोल्ट चिठ्ठीसह. हे फडताळ आमच्या दुकानातल्यासारखेच दिसत होते. फरक इतकाच की येथील प्रत्येक माल एकाच गिऱ्हाइकाचा होता.

त्या गाडीची हकिगत मालकांनी सांगितली. एका निवृत्त शिक्षिकेच्या वडिलांनी ती १९६९ साली नवी घेतली होती. ते स्वतः कारखान्यात कामगार होते. त्यांच्या पश्चात गाडी वीसहून अधिक वर्षे शेडमध्ये पडून राहिली. गाडीच्या खणात एक छोटी वही निघाली. कोणत्या तारखेला किती पेट्रोल घातले, तेल केव्हा बदलले, टायर कोठून घेतले, याच्या पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी. शिक्षिकाबाईंची इच्छा अशी की, गाडी रस्त्यावर यावी आणि नातवंडांना त्यात बसवून फिरवता यावे. शेजारच्या राज्यात राहणाऱ्या त्यांच्या भावाचे म्हणणे असे की, वडिलांनी ठेवली तशीच ती राहिली पाहिजे. इंजिन बदलले तर ती वडिलांची गाडी कशी? दोघांचाही गाडीवर सारखाच हक्क. काही महिने बोलणे तुटण्यापर्यंत पाळी आली होती.

या तंट्याच्या मुळाशी एक तांत्रिक गोष्ट आहे. त्या काळच्या शेव्हरोले इंजिनाच्या ठोकळ्यावर गाडीच्या क्रमांकातील काही अंक ठोकलेले असतात. ते गाडीच्या पट्टीवरील क्रमांकाशी जुळले, तर हे इंजिन कारखान्यापासून याच गाडीत आहे असे सिद्ध होते. अशा गाडीला जुन्या वस्तूंच्या बाजारात अधिक मोल येते. या गाडीचे ३५० घनइंचांचे इंजिन मूळचेच होते आणि अंक जुळत होते. म्हणजे भावाचे म्हणणे केवळ भावनेचे नव्हते. त्यात हिशेबही होता. बहिणीच्या बाजूनेही तितकेच वजन होते. त्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, जे वारंवार दाबले की तापून ढिले पडतात. आजच्या वाहतुकीत, मागच्या आसनावर मुले असताना, अशी गाडी हाकणे त्यांना मंजूर नव्हते.

मालकांनी तोडगा काढला तो आम्हाला फार आवडला. त्यांनी दोघांना समोर बसवून एका कागदाचे तीन रकाने केले. पहिल्यात जे गंजून गेले आहे आणि कापावेच लागेल ते. दुसऱ्यात जे काढून ठेवता येईल आणि पुन्हा बसवता येईल ते. तिसऱ्यात ज्याला हात लावावयाचा नाही ते. पहिला रकाना कोणाच्याही मर्जीवर नव्हता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खाते. या गाडीची डाव्या बाजूची जमीन, डिकीचा तळ, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि समोरच्या काचेखालची पन्हळ चाळणीसारखी झाली होती. तेवढे भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला होता. काँप्रेसरने वाळू मारून गंज काढणे सोपे, पण वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा तापून वाकतो. म्हणून बाहेरच्या भागांसाठी सौम्य भुकटी वापरली जाते, हे त्यांनी हाताने दाखवून सांगितले.

दुसरा रकाना सर्वांत लांब होता, कारण एक वस्तू बदलली की तिच्यामागे दहा बदलाव्या लागतात. जुन्या इंजिनाच्या जागी शेव्हरोलेचेच ‘एलएस३’ येणार होते. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे, ६.२ लिटरचे, ४३० अश्वशक्तीचे हे इंजिन जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा वजनाने पुष्कळ हलके आहे. त्याला कार्ब्युरेटर नाही. संगणकाच्या हुकमाने पेट्रोलचे फवारे उडतात. त्यासाठी पेट्रोल अधिक दाबाने यावे लागते, म्हणून पंप टाकीच्या आत हवा, म्हणून टाकी नवी. वेग वाढणार म्हणून चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या तबकड्या जुन्या १४ इंची चाकांत मावत नाहीत, म्हणून चाके मोठी. जुनी तारांची जुडी हा भार पेलणार नाही, म्हणून वायरिंग नवे. कमॅरोचा पुढचा अर्धा सांगाडा मागच्या पत्र्याच्या देहाला केवळ बोल्टांनी जोडलेला असतो. जोरकस इंजिनाने तो पिळवटू नये म्हणून पुढचा व मागचा भाग पोलादी नळ्यांनी सांधावयाचा. मागचे पाटे जाऊन त्या जागी गुंडाळी स्प्रिंगा येणार. सहा वेगांचा गिअरबॉक्स येणार, त्यामुळे महामार्गावर इंजिन मंद गतीने फिरेल आणि पेट्रोलही जुन्यापेक्षा कमी जळेल. मात्र शक्य तेथे सर्व काही जुन्याच बोल्टांच्या भोकांवर बसवावयाचे. नवे भोक पाडण्यापूर्वी विचारावयाचे. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, गुंडाळून, चिठ्ठीसह पेटीत.

तिसऱ्या रकान्यात तीनच ओळी होत्या : दर्शनी घड्याळांची पट्टी, किल्ली आणि सुकाणूचे चाक. आजच्या चाकांपेक्षा ते बारीक व मोठे असते. वडिलांचे हात जेथे टेकत तेथे ते झिजून गुळगुळीत झाले होते. सुकाणूची यंत्रणा नवी, पण हातात येणार ते जुनेच चाक. जुने इंजिन भावाकडे राहणार आणि गाडी बहिणीकडे; कधी विक्रीची वेळ आलीच तर दोन्ही एकत्रच विकावयाचे, असे दोघांनी कागदावर सही करून ठरवले. आपल्याकडे याला वाटणीपत्र म्हणतील. आम्ही मालकांना विचारले, भाऊ खूष झाला का? ते म्हणाले, “खूष नाही. पण त्याने वही पाहावयास मागितली आणि दोन दिवस स्वतःजवळ ठेवली. मग सही केली.”

पैशांचे बोलावयाचे तर हा फायद्याचा धंदा नव्हे. चांगल्या कार्यशाळेत अशी पूर्ण गाडी करून घेण्यास लाख डॉलर सहज लागतात आणि नामांकित कारागिरांकडे त्याच्या कितीतरी पट. कामाचे तास हजारांच्या घरात जातात. दारे आणि मडगार्ड यांच्यामधील फट कारखान्यात कधीच एकसारखी नव्हती. येथे ती वरपासून खालपर्यंत सारखी करण्यात आठवडे जातात. डेट्रॉईटमध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘ऑटोरामा’ प्रदर्शनात १९६४ पासून रिडलर पुरस्कार दिला जातो; त्यासाठीची गाडी आधी कोठेही प्रदर्शित झालेली चालत नाही. तेथील कित्येक गाड्या इतक्या निर्मळ असतात की त्यांना रस्त्याची धूळ लावण्यास मालकच धजत नाहीत. शिक्षिकाबाईंची गाडी त्या वाटेने जाणार नव्हती, आणि मालकांना त्याचाच अधिक आनंद दिसला.

या व्यवसायातील खरी कसोटी प्रामाणिकपणाची आहे. १९६९ च्या कमॅरोचा संपूर्ण नवा सांगाडा आज बाजारात विकत मिळतो. दारे, मडगार्ड, बॉनेट, नावाच्या पट्ट्या, सारे नवे मिळते. साध्या गाडीवर दुर्मीळ गाडीची नावे लावून ती मूळची म्हणून खपवणारे लोक आहेत, आणि म्हणून क्रमांकाची पट्टी काढणे वा बदलणे हा अमेरिकेत गुन्हा आहे. नवे इंजिन घातले म्हणून कोणी फसत नाही. ते सांगितले नाही तर फसतो. चांगला रेस्टोमॉड करणारा कारागीर बॉनेट उघडून स्वतःच दाखवतो : हे जुने, हे नवे, हे माझे. या कार्यशाळेत प्रत्येक गाडीसोबत एक जाड फाईल दिली जाते. तीत कापलेल्या पत्र्याची छायाचित्रे, प्रत्येक भागाची पावती आणि वेल्डिंगची जागा दाखवणारा नकाशा असतो. गाडी पुढे कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. पण ज्याच्या हाती जाईल त्याला खरे कळले पाहिजे, असे मालकांचे म्हणणे.

आपल्याकडे हा नाद करू इच्छिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. भारतीय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही. इंजिन बदलावयाचे तरी रीतसर परवानगी लागते. २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले, पण तो मान मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळतो. म्हणजे आपल्या कायद्याने तूर्त भावाची बाजू घेतली आहे. तेव्हा आजोबांची फियाट अथवा अँबेसडर दारात उभी असेल, तर हत्यार हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

परतण्यापूर्वी जावयांनी आम्हाला वुडवर्ड सोडून शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या कॉर्कटाउन भागात नेले. त्यांचे म्हणणे, गाडी पाहिलीत, आता तीच गोष्ट दगडात पाहा. तेथे मिशिगन सेंट्रल हे १९१३ साली बांधलेले रेल्वे स्थानक आहे. आगगाड्या बंद होऊन १९८८ मध्ये त्याला कुलूप लागले. पुढची तीस वर्षे ती अठरा मजली इमारत फुटक्या काचांसह शहराच्या पडझडीचे चिन्ह म्हणून उभी राहिली. तांब्याच्या तारा, दिवे, संगमरवर, जे निघेल ते लोकांनी नेले. २०१८ साली फोर्ड कंपनीने ती विकत घेतली आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. दर्शनी दगड जेथे ढासळला होता तेथे मूळ ज्या इंडियाना राज्यातून तो आला होता, तेथूनच पुन्हा आणला. मोठ्या दालनाच्या कमानदार छताला सुमारे २९ हजार फरशा आहेत. त्यांपैकी बदलाव्या लागल्या त्या तेराशेच्या आसपास. आत मात्र आता फलाटांकडे जाणाऱ्या प्रवाशांऐवजी नव्या उद्योगांच्या कचेऱ्या आहेत. पडीक काळात मुलांनी भिंतीवर रंगवलेली काही अक्षरेही एका भागात मुद्दाम राखली आहेत. तीही त्या वास्तूच्या वयाचाच भाग आहेत.

त्या दालनात उभे असताना जावयांनी एक हकिगत सांगितली. येथील वर्तमानपत्रांत ती तेव्हा छापून आली होती. फोर्डने इमारत घेतल्याची बातमी पसरली आणि काही दिवसांतच डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात एका अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला. स्थानकातील एक जुने घड्याळ वीसहून अधिक वर्षे आपल्याजवळ आहे आणि ते परत करावयाचे आहे, असे त्याने कळवले. नाव सांगितले नाही. पत्ता दिला तो एका जळक्या, ओसाड इमारतीचा. कंपनीची माणसे गाडी घेऊन तेथे गेली, तेव्हा घड्याळ जाड कांबळ्यात नीट गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेले होते.